खुंट्याचं तेल

भीमाबाईने पस्तीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकली आणि तेवढ्या काळात कोणाचं म्हणून ऐकून घेतलं नाही. मुलाने करंजाड्याला सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलं, तेव्हा अंगण गेलं, मासळी वाळवायची जागा गेली. सासूची, मैनाबाईची, एक रीत मात्र तिने सोडली नाही. नरकचतुर्दशीला पहिली आंघोळ बोटीची, मग माणसांची.

यंदा वादळाचा इशारा नेमका त्याच दिवसाचा. सगळ्या बोटी माघारी आलेल्या, करंजा बंदराच्या धक्क्याला तीळ ठेवायला जागा नाही. म्हणून त्यांची 'मैनाई' खाडीतच नांगरलेली. इंजिन दुरुस्तीला उघडलेलं, खलाशी दिवाळीला गावी.

"आये, या वर्षी राहू दे," शैलेश म्हणाला.

"वादल दुपारी हाय. आमी आठला परत."

उजाडता उजाडता होडीवाल्याने तिला आणि नवऱ्याला, धर्मराज तांडेलाला, बोटीवर सोडलं आणि तो गेला. भीमाबाईने नाळेला, बोटीच्या पुढच्या टोकाला, उटणं चोळलं, ओवाळलं. मग पुढचा खुंटा. नांगराचा दोर याच खुंट्याला गुंडाळलेला असतो. मैनाबाई त्याला तेलाचं नुसतं बोट लावायची. भीमाबाईचा हात सढळ. तिने अर्धी बाटली ओतली, दोराच्या वेढ्यांतून तेल खाली गळेपर्यंत. आता रांगोळी काढायची, म्हणून पिशवी उघडली, तोच वारा आला.

दुपारचा वारा सातलाच आला. होडीवाला फोन उचलेना. लाटा नाळेवरून आत येऊ लागल्या. दोर ताणून काठीसारखा झाला.

"दोर वाढवायला लागंल," धर्मराज म्हणाला. "आखडलेला राहिला तर झटक्यानं नांगर उपटंल."

त्याने गाठ सोडली आणि वेढे तसेच ठेवून दोर हळूहळू द्यायला घेतला. एरवी दोर खुंट्यावर करकरत हातहातभर सरकतो. आज तो सापासारखा सुटला.

"भिमे! धर!"

दोघांनी धरला. तळहात सोलून निघाले, दोर थांबेना. थांबला तर टोक बांधणार ना! पायाशी दोराचं वेटोळं भराभर उलगडत होतं. दोन्ही हात पसरून मोजायचा दहा वाव दोर उरला. आठ. बोटीच्या मागे धक्क्याचे दगड, त्यांच्यावर फुटणारा फेस आता ऐकू येत होता.

"नवा दोर असा कसा सरकतो?" धर्मराज ओरडला.

भीमाबाईला ठाऊक होतं कसा. न सांगता भागलं असतं तर तिने सांगितलंही नसतं.

"मी तेल ओतलाय."

"किती?"

"अर्धी बाटली!"

धर्मराजने जे म्हटलं ते सणाच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही. सहा वाव. पदराने पुसावं तर पदर हाताबरोबर वेढ्यात जायचा. तिची नजर पिशवीवर गेली. तिने दोर सोडला.

"कुठं चाललीस?"

तिने दातांनी पुडा फाडला आणि मूठमूठ पांढरी रांगोळी खुंट्यावर मारली. वेढ्यांत, दोरावर, नवऱ्याच्या तोंडावरसुद्धा. दगडाची ती खरखरीत भुकटी तेलात कालवली गेली. दोर करकरला. एकदा सरकला. पुन्हा करकरला. अडला.

धर्मराजने टोकाला दोन गाठी मारल्या. वेटोळ्यात तीन वाव उरला होता.

नांगर धरेल की नाही, हे पाहत दोघं दुपारपर्यंत खुंट्याशी बसून राहिली. शैलेशचे अकरा फोन आले. प्रत्येक वेळी भीमाबाई म्हणाली, "बरा हाय," आणि फोन ठेवला.

वारा पडला तेव्हा तिने कनवटीचं कारिट काढून त्याच्या पायापुढे ठेवलं. "फोडा. सकालीच फोडायचा होता."

त्याने डाव्या अंगठ्याने कारिट फोडलं. अंगावरचं खारं पाणी अजून निथळत होतं.

"पुढल्या वर्षी खुंट्याला तेल नाय," तो म्हणाला.

"लावनार," भीमाबाई म्हणाली. तिने सोललेल्या हाताने बाटली उचलून त्याच्याकडे दिली. "पन तेलाचा बोट तुमी लावायचा."