हीटरच्या जाळीतली हळद

गाडीत पाय ओले व्हायला लागले तेव्हा मला वाटलं, पाण्याची बाटली सांडली असेल. पण वास गोडसर येत होता आणि काचेवर आतून धुकं धरत होतं. गॅरेजवाल्या मेस्त्रीचाचांनी वाकून बघितलं. हीटरची जाळी फुटलीय म्हणाले. इंजिनाचं गरम पाणी या जाळीतून फिरतं, मागून पंखा हवा फेकतो, तीच ऊब आपल्या पायाशी येते. चाचा म्हणाले, दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकतो, जाळीचं कामच नाही.

"भाभी, जळगावात हीटर वर टांगलेलाच आहे, बारा महिने."

खरंच आहे म्हणा. पण थंडीत पहाटे सोनगीरला निघायचं तर बोटं आखडतात, आणि यांची बोटं आता सत्तरीची. सोनगीरला माझी थोरली बहीण असते, अक्का. माहेर म्हणून तेवढीच उरलीय. पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, हीटर नसेल तर थंडीत गाडी काढायची नाही. विकून टाका, मी भाड्याची करून देतो. आता भाड्याच्या गाडीने माहेरी जायचं म्हणजे ड्रायव्हर बाहेर ताटकळतोय म्हणून चहा ढोसून उठायचं. यांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून झाली. म्हणाले, जाळी मी बदलतो, घरीच.

अंगणात निंबाखाली दोन दिवस गाडी पोट उघडून बसली होती. आधी पाणी काढलं, मग डॅशबोर्ड सुटा केला. स्क्रू किती ते विचारू नका. मी पापड वाळवायचं धोतर अंथरलं आणि निघतील तसे ओळीने मांडत गेले. पापडात पहिला घातलेला पहिला उचलायचा. इथे उलट, शेवटचा आधी.

जाळी निघाली. यांनी ती फरशीवर आपटली तर पिवळा चिखल पडला. बोटावर घेऊन हुंगला.

"हाई ते बठ्ठी हळद शे," हे म्हणाले. ही तर सगळी हळदच! एरवी शुद्ध बोलणारा माणूस आईच्या अहिराणीत आला.

मी धोतरावरचे स्क्रू मोजायला लागले.

मुलं लहान होती तेव्हाची गोष्ट. याच गाडीने सोनगीरहून निघालो आणि धुळ्याच्या अलीकडे रेडिएटर गळायला लागला. हे डबा घेऊन विहिरीवर पाण्याला गेले. एक ट्रकवाला थांबला, म्हणाला, ताई, चिमूटभर हळद टाका, गळती बसते. मांडीवर आईने दिलेला ताज्या हळदीचा पुडा होता. इंजिन निवलं तसं त्याने टोपण उघडून दिलं. आता खानदेशी बाईच्या हाताला चिमूट माहीत असते का? अर्धा पुडा गेला. गळती मात्र थांबली, घरी पोचलो. हे वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत, आमच्या हिने चिमूटभर हळदीत गाडी आणली. तेव्हापासून हीटर नुसती कोमट फुंकर मारायचा आणि हे गाडीच्या कंपनीला नावं ठेवायचे. मुलं मागे एका गोधडीत गुरफटून, एकमेकांना लाथा मारत झोपायची. पाहुण्यांसमोर अर्धा पुडा कसा म्हणणार?

आता मात्र स्क्रू मोजता मोजता अर्ध्या पुड्याचं सांगून टाकलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चिमूट कुणाची होती, भीमाची?" आणि असे हसले, की हातातला पाना खाली पडला.

रविवारी तिन्हीसांजेला नवी जाळी बसली, धोतरावर एकही स्क्रू उरला नाही. पाणी भरून इंजिन चालू केलं. आधी गार, मग कोमट, मग थेट बाळंतिणीच्या शेगडीसारखी ऊब. मी मुलाला व्हिडिओ कॉल लावून फोन त्या हवेपुढे धरला. फोनमधून ऊब जात नाही हे मागून सुचलं. पण तो म्हणाला, आई, तुझा चेहरा दिसला, राहू द्या गाडी.

पुढच्याच आठवड्यात सोनगीरला जाऊन आलो. अक्काकडे तीनदा चहा झाला. निघताना तिने हळदीचा पुडा दिला. यांनी तो माझ्या हातून घेतला आणि पार मागच्या सीटखाली, बोनेटपासून जमेल तितका लांब नेऊन ठेवला.