बोर्डावर सरकवलेली पट्टी

नेतृत्वावर चार शब्द बोला असं आता कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमच्या फौंड्रीत डिप्लोमा झालेली नवी मंडळी येतात आणि मालक त्यांना माझ्याकडं पाठवतात, माणसं कशी सांभाळायची ते यांना जरा सांगा म्हणून. मी त्यांना चहा पाजतो आणि परत पाठवतो. मला एकच माणूस नीट सांभाळायचा होता, तो मी घालवला. मी काय कपाळ सांगणार?

तो माणूस म्हणजे अण्णा. माझे सख्खे कोणी नव्हेत. बोरगावातले, आमच्याच गल्लीतले, आमच्याच जैन समाजातले. मी आयटीआय झालो तेव्हा त्यांनीच मला बेळगावला आणलं, उद्यमबागेतल्या या फौंड्रीत चिकटवलं आणि अनगोळात खोलीही बघून दिली. फौंड्रीत त्यांच्याकडं एकच काम होतं. ओतून, घासून तयार झालेलं लोखंडी कास्टिंग छतावरून लोंबणाऱ्या चेनच्या हुकाला अडकवायचं आणि उजव्या हातानं त्यावर छोटी हातोडी मारायची. अखंड असलं तर ते घंटेसारखं घुमतं, आत तडा असला तर बद्द वाजतं. तडा गेलेल्यावर अण्णा खडूनं फुली मारायचे. त्यांचा डावा हात चेनवर असायचा. कास्टिंग झोके घेऊ नये म्हणून धरत असतील, अशी माझी समजूत होती.

अण्णांना ऐकू येत नाही हे सगळ्या शेडला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं ग्राइंडरच्या कल्ल्यात काढल्यावर कोणाचे कान राहतात? पण आमच्याकडं वडील माणसाचं उणं त्याच्या तोंडावर काढत नाहीत. अगदीच सांगायची वेळ आली तर तिसऱ्याकरवी सांगतात. काकानं पुतण्याला, पुतण्यानं जावयाला, जावयानं सासऱ्याला, असा फिरून फिरून तो निरोप पोचतो. तेवढ्यात काम बिघडलं तरी चालतं, पण समोरासमोर नको. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

दुपारच्या पाळीला आम्ही दोघं सूर्य बुडायच्या आत डबा उघडायचो. बाकीचे नंतर जेवायचे, त्यामुळं पत्र्याच्या सावलीत आम्ही दोघंच असायचो. अण्णा कधी शेजारी बसले नाहीत. समोर बसायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत जेवायचे. मी शेतातलं, घरातलं सांगायचो आणि ते बरोबर उत्तर द्यायचे, कधी मराठीत, कधी कानडीत. जवळनं बोललं की कळतंय, असं मी धरून चाललो होतो.

मी सुपरवायझर झालो तेव्हापासून मला घोर लागला. अण्णांच्या हातून एखादं फुटकं कास्टिंग गेलं आणि कुठं गाडीला बसवल्यावर तुटलं तर काय? म्हणून चहाच्या सुट्टीत ग्राइंडर बंद पडले की मी त्यांनी पास केलेला माल चोरून परत वाजवायचो. अण्णा चहा घेत नसत, ते बाहेर बाकावर बसलेले असायचे. दोन वर्षं मी हे केलं. एकही फुटकं सापडलं नाही. बहिऱ्या माणसाला हे जमतं कसं, असा प्रश्न मला शहाण्याला एकदाही पडला नाही. देवाची कृपा म्हणायचो आणि हातोडी जागेवर ठेवायचो.

मग मला शेडचा इनचार्ज केलं. अण्णांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता नीट बघ रं सगळ्यांकडं." त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढं दीड वर्ष त्यांना हातोडीवर निभावून न्यायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. खोटं सांगत नाही, अगदी पक्कं ठरवलं होतं.

महिन्याभरात मालकांनी मला एका हॉटेलात दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. टाय लावलेला एक गृहस्थ पडद्यावर साखळीचं चित्र दाखवून सांगत होता, कमकुवत कडी शोधा, तिच्यावर लक्ष एकवटा, म्हणजे धंदा वाढतो. त्यानं जन्मात साखळी हातात धरली नसेल. पण मी वही भरून लिहून घेतलं. इनचार्ज झालो होतो ना, डोक्यात हवा गेली होती. परत आल्यावर शेडच्या दारात पांढरा बोर्ड लावला. त्यावर कामांचे रकाने आणि प्रत्येकाच्या नावाची लोहचुंबकाची पट्टी. रोज पाळी सुरू होताना दहा मिनिटं सगळे बोर्डासमोर उभे राहणार, अशी पद्धत घातली. मालक खूश झाले.

तेवढ्यात माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला यायची ठरली. तपासणीच्या कामावरच्या माणसांचे डोळे आणि कान तपासल्याचा कागद त्यांना हवा होता. एक व्हॅन आली, सगळ्यांचे कान तपासले. अण्णांचा कागद माझ्या टेबलावर पडला. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा गेल्यातच जमा. मालक म्हणाले, तुमचा माणूस आहे, तुम्हीच काय ते बघा.

एवढंच करायचं होतं. संध्याकाळी डबा उघडल्यावर विचारायचं होतं, अण्णा, कान तर गेले, मग तुम्ही माल तपासता कसा? आठ-नऊ शब्द. ते माझ्या समोरच बसले होते. मी चटणीचं विचारलं, पावसाचं विचारलं, हे तेवढं विचारलं नाही. वाटलं, त्यांना लाज वाटेल. खरं तर लाज मला वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पाळीला सगळे यायच्या आधी मी बोर्डावरची अण्णांची पट्टी तपासणीच्या रकान्यातून काढली आणि पॅकिंगच्या रकान्यात सरकवली. तोंडानं सांगायला लागू नये म्हणून. आमच्याकडं जे काम पुतण्या-जावयाकडनं करून घेतात, ते मी बोर्डाकडनं करून घेतलं. फरक इतकाच की पुतण्या निदान घरी येऊन, दार लोटून सांगतो. इथं चाळीस माणसं उभी होती. अण्णांनी बोर्ड वाचला. माझ्याकडं पाहिलं. खिशातली हातोडी काढून टेबलावर ठेवली आणि पॅकिंगला गेले. पाळीभर खोकी बांधली. मी पाणी पिऊन येतो म्हणून दोनदा तिकडून गेलो, पण त्यांच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

त्यांच्या जागी मी तिखट कानाचा एक तरणा माणूस उभा केला. त्याचा कागद झक्क होता. दोन महिन्यांनी एक अख्खा ट्रक परत आला, माल फुटका म्हणून. मालकांनी शिव्या घातल्या नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले. तेवढ्यानंच मी अर्धा झालो.

तो सगळा माल परत वाजवायला मी स्वतः उभा राहिलो. शेजारी चार ग्राइंडर चालू. हातोडी मारायचो आणि काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या कल्ल्यात तिखट कानाचा असो नाहीतर बहिरा, दोघे सारखेच. वैतागून मी झोके खाणारी चेन डाव्या हातात धरली आणि पुन्हा हातोडी मारली. बोटांत बारीक मुंग्या आल्या आणि थोडा वेळ राहिल्या. पुढचं कास्टिंग लावलं, मारलं. काहीच नाही, हात मेल्यासारखा. त्याच्यावर बॅटरी मारून पाहिली तर कोपऱ्यात केसाएवढा तडा होता. मी तिथंच एका खोक्यावर बसलो. लोकांना वाटलं, साहेबांना चक्कर आली.

रविवारी निपाणीची बस धरली, तिथून वडापच्या जीपनं बोरगाव. अण्णा सोप्यात शेंगा फोडत बसले होते. त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, पाणी दिलं. मी अण्णांच्या समोर बसलो, जवळ सरकलो आणि मोठ्यानं विचारलं, "अण्णा, तुम्ही हातानं तपासत होता?"

"वरडू नगस," ते म्हणाले. "तोंड दिसलं की कळतंय मला. व्हय, हातानंच. कान तर तू यायच्या आधीच गेलते."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

त्यांनी शेंगांचं सुपडं बाजूला ठेवलं. "तुला ठावं हाय असंच धरून चाललोतो मी. चहाच्या सुट्टीत तू माझ्यामागनं माल वाजवत हुतास. बाकावरनं दिसायचं की. म्हटलं, पोरगं सांभाळून घ्यालंय आपल्याला. माझं चुकलं तर ह्यो हाय. घरीबी सांगिटलंतं हिला." आक्का दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली.

मी त्यांच्यावर संशय घेऊन जे चोरून करत होतो, ती त्यांना माया वाटली होती. आणि त्या भरवशावर ते दोन वर्षं निवांत होते. परत चला, मालकांशी मी बोलतो, उद्याच पट्टी जागेवर लावतो, असं मी कसंबसं म्हणालो. अण्णांनी नुसती मान हलवली. "न्हाय रं. आता नगं."

उन्हं कलली होती. आक्कांनी ताटं केली, सूर्य बुडायच्या आत जेवून घ्या म्हणाल्या. मी नेहमीसारखा त्यांच्या समोरच्या पाटावर बसायला गेलो. अण्णांनी आपला पाट उचलला, भिंतीकडं वळवला आणि माझ्याकडं पाठ करून बसले. रागानं नव्हे, अगदी हळू, पाणी सांडू नये तसे. मी म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं." परत एकदा म्हणालो. ते भाकरी मोडून आमटीत कुस्करत होते.

ऐकलं ते आक्कांनी. त्यांनी माझ्या ताटात अर्धी भाकरी आणखी वाढली आणि आत गेल्या.