चारुदत्तरावांची उजवी बंदूक

...आणि बंदूक तर घेतली! काल इथपर्यंत आलो होतो ना आपण? पण घरी आणायची सोय नाही. सिंगापुरात परवाना काढला तरी असली वस्तू क्लबात कुलूपबंद ठेवावी लागते. त्यामुळे आमचे जावई चारुदत्तराव दर रविवारी तिला भेटायला जायचे, वसतिगृहात ठेवलेल्या पोराला भेटतात तसं. खाऊ तेवढा न्यायचे नाहीत.

माणूस कसा, ते सांगतो. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत हिशेबाचे मोठे साहेब, वय चोपन्न, तोआ पायोहला फ्लॅट. शर्टाला इस्त्री, भांग पट्टीने पाडल्यासारखा. उभ्या जन्मात झुरळ मारलं नाही. पण पणजोबांनी कोयनेच्या रानात डुक्कर लोळवल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, ती डोक्यात घर करून बसलेली. क्लबात बाकीच्यांच्या बंदुका निळ्या-लाल, नळदुरुस्तीच्या हत्यारांसारख्या. तेवढ्यात एक सभासद देश सोडून निघाला. त्याच्याकडे होती शिकारीच्या बनावटीची, अक्रोडी दस्त्याची, छऱ्याची रायफल. यांनी दस्त्यावरून हात फिरवला आणि घेऊन मोकळे झाले. आता शिकार कसली करणार? तोआ पायोहात साळुंक्या आणि मांजरं, आणि मांजरांना तर खालच्या मजल्यावरच्या बायका मासे भरवतात.

एका रविवारी मी आणि नात अवनी बघायला गेलो. फट्! यांच्या कागदावर काही नाही. फट्! काही नाही. शेजारच्या जागेवर एक म्हातारे चिनी गृहस्थ नेम धरत होते. त्यांनी आपला कागद काढून भोकं मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली. स्वतः मारलेल्या छऱ्यांपेक्षा जास्त निघाली!

"पप्पा, राँग कार्ड लाह!" अवनी ओरडली. तिथल्या पोरांच्या प्रत्येक वाक्याला हे 'लाह'चं शेपूट असतं.

गृहस्थांनी मात्र उठून जावईबापूंचा हात हातात घेतला. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात भारी कागद होता.

तिथून पश्चात्तापाला सुरुवात झाली. पानावर बसलं की तोच विषय. "नाना, दस्ता फार जड आहे हो." "नाना, नळी जुनी आहे." आणि मग हळूच, "दुकानात नवी आलीय. ही देऊन वर थोडे भरले की झालं."

माझी लेक नीता पोळी लाटता लाटता म्हणाली, "कॅमेरा वाईट होता म्हणून दुसरा घेतलात. सायकल वाईट होती म्हणून दुसरी. आता बंदूक वाईट आहे. माणूस तेवढा बदलून मिळेना मला!"

त्यात दसरा तोंडावर. कराडला माझ्या विहीणबाई, सुलेखाताई. वय पंच्याऐंशी, आवाज पंचविशीतला. व्हिडिओ कॉलवर त्यांचं एकच पालुपद, "चारू, इतकी वर्षं मी विळी आणि अडकित्ता पुजला. घरात खरं शस्त्र आलंय रे! हातात धरून फोटो पाठव, देवापाशी ठेवते." आता जी मोडीत काढायची तीच पूजेला कशी पाठवायची? जावईबापूंनी ठरवलं, आधी बदलायची, मग फोटो.

दुकानदार येणार त्या रविवारी आम्ही सगळेच क्लबात गेलो. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी हात वर करून जावईबापूंना थांबवलं. त्यांनी एका पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि त्यातून माझ्याकडे बघायला सांगितलं. यांनी डावा डोळा लावला. पुन्हा बघायला लावलं, पुन्हा डावाच.

"तुमचा नेमाचा डोळा डावा आहे. तुम्ही डावखुरे आहात?"

"छे छे! उजवा!" चोरीचा आळ आल्यासारखे जावईबापू दचकले.

मला हसू आवरेना. लग्नाच्या बैठकीत विहीणबाईंनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "चारू उपजत डावरा. पण पानावर बसला की मी डाव्या हाताला पिशवी बांधायची. सरळ करूनच सोडला!" हे मी भर क्लबात सांगून टाकलं.

"आज्जीने तुझा हात बांधला?" अवनीचे डोळे मोठे झाले.

बाईंनी दुकानदाराकडची डाव्या हाताची बंदूक पुढे केली. चारुदत्तरावांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, कराडहून कुणी आलंय का बघितल्यासारखं. मग डाव्या खांद्याला लावली. फट्! भोक ठिपक्याच्या मधोमध, आणि यांच्याच कागदावर! नीता स्वतः म्हणाली, "घ्या हो हीच." शेजारचे गृहस्थ तेवढे हिरमुसले, त्यांचे फुकटचे गुण बंद झाले ना! जुनी बंदूक त्यांनीच मागून घेतली. म्हणाले, माझा हिच्यावर विश्वास आहे.

कागदपत्रं रीतसर झाली, नवी बंदूक हातात आली, अवनीने फोटो काढला आणि जावईबापूंचा चेहरा उतरला.

"नाना, डाव्या हाताने शस्त्र धरलेलं आईला कसं दाखवू? मला सरळ केलं, हीच तिच्या आयुष्याची कमाई. वर्षातून दहादा सांगते सगळ्यांना. या वयात तिला कळायला नको हो."

"चिल लाह, फ्लिप करते," अवनी म्हणाली. बोटाने काहीतरी केलं आणि फोटोत डाव्याचा उजवा झाला. कसा रुबाबदार! मीच म्हटलं, पाठव.

दसऱ्याला कॉल लागला. विहीणबाईंनी फोटो छापून आणवला होता. वर हळदकुंकू, आपट्याचं पान, झेंडू. "शोभतोस रे बाबा पणजोबांचा!" म्हणत त्यांनी डोळे टिपले, आणि टिपले म्हणून चष्मा घातला. मग फोटो नाकाशी नेला.

"चारू, तुझ्या मागे भिंतीवर काय लिहिलंय? इंग्रजी मला वाचता येतं, पण यातलं एक अक्षर लागेना."

क्लबचं नाव! बापाचा हात उजवा करताना पोरीने भिंतही उलटी केली होती, आणि आम्हा चौघांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. नीताने तोंडात श्रीखंड कोंबलं. मी छताकडे बघू लागलो. चारुदत्तराव ताठ बसले, भांगावरून हात फिरवला, उजवाच, आणि म्हणाले,

"चिनी आहे गं ते, आई."