लेकीच्या मागोमाग माया लोकांच्या घरी

२००६ साली, कॉलेजचं पहिलं वर्ष संपताच इराने जाहीर केलं, फार्मसी सोडून आर्किऑलॉजी करणार. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या घरात युद्धच पेटलं. नवऱ्याने, संजयने, मला बाजूला घेतलं. "उन्हाळ्यात ती ज्या उत्खननाच्या फील्ड स्कूलला जातेय, तिथे व्हॉलंटियर चालतात ना? तू पण जा. चार दिवस डास चावले की कंटाळेल. मग नीट समजाव." म्हणजे मी निघाले ती लेकीचं मन वळवायला.

नेवार्कहून ह्यूस्टन, तिथून मध्य अमेरिकेतलं बेलीझ सिटी, पुढे व्हॅनने जंगलाकडे. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाची चौकशी आधीच करा. अमेरिकन डॉलर सर्रास चालतात. जेवायला नारळाच्या दुधातला राजमा-भात आणि सोबत असा जहाल सॉस, की आम्हा नागपूरकरांच्याही नाका-डोळ्यांतून पाणी यावं.

मला वाटलं होतं, पिरॅमिड बघायला मिळतील. पण ही मंडळी हजारेक वर्षांपूर्वीच्या साध्या माया माणसांची घरं शोधत होती. मला दिसले फक्त दोऱ्या बांधलेले चौकोनी खड्डे. माती चाळून चाळून हात भरून आले.

"यासाठी का गं एवढी फी भरली?"

"आई, प्लीज!" इरा सगळ्यांसमोर लाजली.

मग एका सकाळी तिने मला खड्ड्यात बोलावलं. एरवी इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी माझी पोर चक्क मराठीत सांगू लागली. "हे दार. इथे चूल होती, दगड बघ कसे काळे झालेत. ही जमीन चुन्याने सारवलेली. मुलं इथे झोपत असणार."

ऐकता ऐकता माझे पाय उंबऱ्याशी थबकले. मी बूट काढले. परक्याच्या घरात बूट घालून कसं शिरायचं?

इरा हसली नाही. जरा सरकून तिने मला चुलीपाशी जागा करून दिली. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी घरी कधी बघितलाच नव्हता.

परतल्यावर संजय आम्हाला घ्यायला नेवार्कला आला. इरा कारमध्ये मागे झोपली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "समजावलंस?"

"नाही. आणि समजावणारही नाही. तिला हेच शिकू दे."

त्याने आरशातून मागे झोपलेल्या इराकडे एकदा बघितलं.

आता तिचे सगळे उन्हाळे तिकडेच जातात, घरी येणं जेमतेमच होतं. नवीन घर सापडलं की फोन करते, भरभरून सांगते. मी कौतुकाने ऐकते. फोन ठेवल्यावर मात्र रडू येतं. हो म्हटल्याचा पश्चात्ताप नाही, तरीही येतं.