सायकलीवरचा हात

"सोडा हात, बाई. आता म्या हाय."

माझ्या सायकलीच्या सीटवर पालथा पंजा ठेवून मामा असं म्हणायचे आणि सीट दोनदा थोपटायचे. मगच मी हँडल सोडायचं. त्यांचा हात येण्याआधी मी हात काढला की त्यांचं डोकं फिरायचं. "आवं, घाई काय हाय? मधीच सोडलं तर जनावर कुनाचं? ना तुमचं, ना माझं!"

सायकलीला ते जनावर म्हणत. त्यांचं सगळं आयुष्य बैलबाजारात दलाली करण्यात गेलेलं. बाजारातला रिवाज असा, की कासरा विकणाऱ्याच्या हातात आहे तोवर बैल त्याचा. कासरा सोडला, घेणाऱ्यानं धरला, की बैल घेणाऱ्याचा. मग तो पळो, लंगडो, नाहीतर मरो. हाच रिवाज मामांनी सायकलींना लावला होता. हँडलवर तुमचा हात आहे तोवर सायकल तुमची. दोन मिनिटं थांबा, कुणाशी बोला, पैसे नाहीत. हात सोडला की राखण त्यांची, आणि मग दहा पैसे. लहान पोरालाही कळेल इतकं सोपं.

मी तेव्हा नेवासा तालुक्यातल्या एका बाजारच्या गावी सरकारी दवाखान्यात नर्स होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडची-पलीकडची वर्षं. माहेर राहुरीकडचं, इथं एकटी राहायची, आणि सायकलवरून वाड्यावस्त्या फिरायची. बाई सायकलवर बसलेली बघायला लोक दुकानातून बाहेर यायचे हो! एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर "कलियुग आलं" म्हणून घेतलं. मी काय ऐकून घेणारी? "कलियुगात सुनेचं बाळंतपण अडलं की मलाच बोलवाल," असं सुनावलं आणि पुढं गेले. पण खोलीवर जाऊन रडले, तेही सांगते.

त्या गावात पहिल्या दिवशी न हसलेला एकच माणूस. एसटीच्या थांब्याला लागून एका मालकाची खाजगी मोकळी जागा होती, कडेनं चुना लावलेले दगड, मधे लिंबाचं झाड आणि मागं पत्र्याचं एक खोपट. तिथं पैसे देऊन सायकली लावायच्या. सगळं गाव ज्यांना मामा म्हणे, ते तिथले राखणदार. डोक्याला विटका तांबडा पटका, गालात सुपारी. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, सायकलीकडं बघितलं. म्हणाले, "गुणी दिसतंय. सोडा हात. आता म्या हाय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामात जीव ओतायची काही गरज नसते, तरी ओततात. ऊन फिरेल तशा मामा सगळ्या सायकली फिरवायचे, कुणाचं सीट तापू नये म्हणून. कचेरीतल्या कारकुनाच्या सायकलीत हवा कमी असली तर त्यालाच झापायचे, "जनावर उपाशी ठिवता आन् वर बसता व्हय?" एकदा एका मास्तरांच्या कॅरियरला लावलेला डबा कुत्र्यानं पळवला. मास्तरांना काही कळलंही नसतं, विसरलो घरी असं वाटलं असतं. पण मामांनी स्वतः सांगितलं, "डबा माझ्या ताब्यातनं गेलाय," आणि आपली भाकरी त्यांच्यापुढं ठेवली. मास्तरांना ती खावी लागली.

ही गोष्ट मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितली. डॉक्टरांना तर दोनदा सांगितली. "मामा खोटं बोलत नाहीत," हे वाक्य त्या गावात मीच पिकवलं म्हणा ना.

मग दुष्काळ पडला. बैलांना वैरण नाही, बाजार ओस पडले. पाथर्डीकडं राहिलेलं मामांचं कुटुंब उठून इथं आलं. बायको, मुलगा, पोटुशी सून, सगळे त्या पत्र्याच्या खोपटात. मुलगा खडी फोडायला जायचा. मालकांनी राहू दिलं, तोंडानं काही बोलले नाहीत, पण 'राहू दिलंय' हे त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायचं.

सून त्या खोपटातच बाळंत झाली. भर दुपार, वर पत्रा तापलेला, पोर आडवं. मी घामानं भिजून गेले. शेवटी मुलगी झाली, रडली, सगळं नीट झालं. बाहेर येऊन बघते तर मामा माझ्या सायकलीचं सीट धरून उन्हात उभे.

"अहो मामा, सायकल कुठं जाणार होती?"

"मला दुसरं काय धरता येत न्हवतं, बाई," ते म्हणाले, आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. त्या दिवशी माझ्या मनात आलं, की या परगावात आपलं म्हणावं असं एक माणूस आहे.

दुष्काळी कामांमुळं थांब्यावर गर्दी वाढली. सायकलीही वाढल्या. मालकांना पैशाचा वास लागला. त्यांनी लिंबाला पाटी ठोकली, की जागेत कोणीही, कितीही वेळ थांबला तरी दहा पैसे आकार द्यावा लागेल. मामांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवली तेव्हा म्हणाले, "असू द्या. लिंबाला बी वाचता येत न्हाई." आणि मालक नसले की आपला हाताचा रिवाज चालू ठेवला.

बाजारचा दिवस होता. नेवाशाहून लस आणायची तर बर्फासाठी रिकामा थर्मास एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवावा लागे. गाडी त्या जागेच्या कडेलाच लागायची. मी सायकलवरून उतरले, दगडांच्या आत उभी राहिले, उजवा हात हँडलवर, डाव्या हातानं खिडकीतून थर्मास दिला. "संध्याकाळच्या गाडीला पाठवा," एवढं म्हटलं. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. वळते तो मालक लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले.

"बाई, दहा पैसे."

"कशाचे?"

"जागेत थांबलात त्याचे. पाटी दिसत नाही?"

आता दहा पैसे टाकून मोकळं व्हायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही आज तसंच वाटतं. पण मालक एवढ्यावर थांबले नाहीत. चारचौघांत म्हणाले, "रोज फुकट थांबतात. बाईमाणूस म्हणून गप्प बसलो. सरकारी पगार घ्यायचा आणि दहा पैशांवर डोळा!"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मी हात सोडलेला नाही. इथला रिवाज आहे, हात सोडला तर पैसे. जेव्हा जेव्हा सायकल लावली, तेव्हा पैसे दिलेत. विचारा मामांना."

बाजार थबकला. भाजीवाल्या, एसटीची वाट बघणारे, सगळे माझ्याकडून मामांकडं वळले. मला काळजीच नव्हती. उलट मनातून मी खूष होते, की आता मालकांचं तोंड बंद होणार. मामा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"काय रे," मालक म्हणाले, "हात होता का सायकलीवर?"

मामांनी खोपटाकडं बघितलं. दारात सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मग खाली बघितलं. आणि म्हणाले, "न्हाई जी. बाईंनी हात सोडला हुता."

आधी मला नीट ऐकूच आलं नाही. मग लोक हसले तेव्हा कळलं. कुणीतरी म्हणालं, "मामा म्हणतोय म्हंजी खरंच!" अहो, माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं. आणि खरं सांगू? क्षणभर मला माझाच हात खोटा वाटला. मी त्या हाताकडं बघितलं. तो तेव्हाही हँडलवर होता.

मी पैसे दिले नाहीत. मालकांनी सायकलीला साखळी घातली. वस्तीवरची एक बाई ताप घेऊन पडली होती, तिथं मी रणरणत्या उन्हात चालत गेले. चप्पल तुटली ती हातात घेतली. मागं वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर काहीतरी भलतंच बोलले असते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खिशातून पैसे भरून सायकल सोडवून आणली. माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, दहा पैशांसाठी कशाला खोटं बोलायचं? आणि तेही त्या म्हाताऱ्याला मधे घालून? तुम्हीच सांगायचात ना, तो खोटं बोलत नाही म्हणून."

मालकांचे शब्द मी धुऊन टाकले असते. हे लागले ते लागलेच. दवाखान्यात माझ्या शब्दाला किंमत होती. "बाई म्हणाल्या म्हणजे तसंच असणार," असं लोक म्हणायचे. त्यानंतर मी कुणाला "गोळ्या नीट घेतल्यात ना?" असं दरडावलं, की मागून कुणीतरी बोलायचं, "बाई, हात सोडला हुता का?" आणि रांगभर हशा.

मी त्या बाजूनं जाणं सोडलं. थांब्यावर जायचं झालं तर रस्त्याच्या पलीकडून. मामा लिंबाखालून बघायचे, मी बघायची नाही. त्यांनी तसं का केलं हे मला कळत नव्हतं असं नाही. मालकांनी खोपट रिकामं करायला सांगितलं असतं तर तान्ह्या पोरीला घेऊन ते कुठं जाणार होते? जिला मीच या जगात आणलं होतं, तिच्यासाठीच त्यांनी मला बुडवलं. सगळं कळत होतं. पण कळतं आणि वळत नाही म्हणतात, तसं झालं. त्यांना माझ्यापाशी येऊन "चुकलं" तरी म्हणता आलं असतं की नाही?

पावसाळ्याच्या तोंडाशी ते दवाखान्यात आले. नातीला हगवण लागलेली, पोर सुकलेली. सून मागं रडत होती. पोर मामांच्या हातात होती आणि ते देईनात, छातीशी घट्ट धरलेली.

"सोडा हात," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले असणार. मी ते म्हटलं नाही. पोर घेतली आणि आत गेले.

पोर वाचली. चार दिवसांत दूध ओढायला लागली. घरी पाठवलं त्या दुपारी माझं काम आटोपून मी बाहेर आले, तर सून पोरीला घेऊन केव्हाच गेलेली, आणि मामा दवाखान्याच्या भिंतीशी माझ्या सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे, पटका घामानं काळा पडला होता.

मी हँडल धरलं. त्यांनी सीट सोडलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिशी तुमी हात सोडला न्हवता."

मी इकडंतिकडं बघितलं. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

"हे बाजारात सांगायचं होतं, मामा."

"व्हय," ते म्हणाले. एवढंच. मग सीट दोनदा थोपटलं, हात काढला आणि निघून गेले.

पाऊस बरा झाला तसं ते कुटुंब पाथर्डीकडं परत गेलं. जाताना मला निरोप नाही, मी विचारलंही नाही. लिंबाखाली दुसरा माणूस आला. तो उभं राहिलं तरी पैसे घ्यायचा, सायकली उन्हातच असायच्या. दोनेक वर्षांनी मामा वारल्याचं त्या बाजूच्या एका कंडक्टरनं सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि थर्मास त्याच्या हातात दिला.

पुढं माझी बदली झाली. खूप वर्षांनी त्याच गावी एका लग्नाला गेले. लिंब तोडलेला, जागेत दुकानं उठलेली. मांडवात एक म्हातारे गृहस्थ मला ओळखून हसत पुढं आले, सगळ्यांना म्हणाले, "ह्या आपल्या नर्सबाई! बाई, ती सायकलीची गंमत आठवते का? हात सोडला होता की नाही तुम्ही? आता तरी खरं सांगा!"

भोवतीचे सगळे हसले, नव्या पोरीसुद्धा. मी म्हटलं, "नव्हता सोडला." त्यावर ते आणखीच हसले.

त्या गावात खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस होता. त्यानं ते सांगितलंही, पण मला. आणि मला तर ते आधीपासूनच माहीत होतं.