मनमोहन मास्तर आणि बुधाजीचा पाय

ठाकूरद्वारच्या वेलकरांच्या घरात मुलगा मॅट्रिक झाला की त्याला सॉलिसिटरच्या ऑफिसात चिकटवायची रीत होती. मनमोहनने ती मोडली. परळच्या एका गिरणीने त्याला टाइम ऑफिसात कारकून म्हणून घेतलं, ते काही त्याचं अक्षर बघून नव्हे, त्याचा डावा पाय बघून. सकाळी हजेरी लिहायची आणि दुपारी गिरणीच्या टीममधून फुटबॉल खेळायचा. पोरगा पाय विकून खातो म्हणून वडिलांनी अबोला धरला. शेवटी सूनबाई राजलक्ष्मीच त्यांना म्हणाली, "मामंजी, तुम्ही मान मोडून लिहिलंत, हे पाय मोडून खेळतात. चूल दोन्हींवर पेटते."

मनमोहन अनवाणी खेळायचा, घोट्याला पट्टी बांधून. तेव्हा बरेचजण तसेच खेळत. पुढे लीगवाल्यांनी अनवाणी खेळायला बंदी केली आणि बूट चढवल्यावर हा गडी चिखलात रुतल्यासारखा धावू लागला. खूप धडपडला, मग निमूट बाजूला झाला. गिरणीने त्याला कोच केलं, आणि कामगार पोरं त्याला मास्तर म्हणू लागली. पण बुटांपुढे आपण हरलो हे मास्तरांच्या मनात सलत राहिलं. असा माणूस शिकवायला बसला की शिकणाऱ्याचे हाल ठरलेले.

नवे बूट कोमट पाण्यात भिजवायचे, ओलेच पायात घालायचे आणि सुकेपर्यंत चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालायच्या, म्हणजे चामडं पायाचा आकार धरतं. पोरांची बोटं सोलून निघाली. कुणी कण्हलं की मास्तरांचं एकच वाक्य, "बूट चावतो म्हणणाऱ्याने घरी बसावं." दोनतीनदा ऐकल्यावर कण्हणं बंद झालं. मास्तरांना वाटलं, पोरं तयार झाली.

त्यांच्यात बुधाजी गावकर सर्वांत तेज. उजव्या कडेने सुटला की मागच्याला त्याची पाठच दिसायची. मालवणकडचा हा पोरगा गिरणीत बदली कामगार होता. बदलीवाल्याने रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर हात हलवत घरी. टीममध्ये आल्यापासून मात्र त्याला रोज साळखात्यात मागावर काम मिळत होतं. त्या भरवशावर त्याने बायकोला, शेवंतीला, गावाहून लालबागला आणलं होतं.

छप्पन सालचा ऑगस्ट. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं होतं. टीममधले दोघे सत्याग्रहात जाऊन तुरुंगात बसले होते, आणि फुलबॅकच्या डोक्याला लाठीचे टाके होते. कसेबसे अकरा उरले. त्यात हा सामना लीगमधला शेवटचा. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये, बरोबरी झाली तरी वाचलो. लेबर ऑफिसर शशिकांतरावांनी मास्तरांना बजावून ठेवलं होतं, "शेठ खालच्या डिव्हिजनची टीम पोसणार नाहीत. मोडून टाकतील. मग तुमची पोरं आहेत आणि गेट आहे."

पहिला हाफ गोलाविना संपला. पोरं गवतावर आडवी झाली आणि बुटांच्या नाड्या सैल करून पाय मोकळे करू लागली. बुधाजी तेवढा बूट न काढता टाच टेकून बसला होता. मास्तरांना ते खटकलं.

"बूट काढ."

"राहूंदे मास्तर. परत घालूक येळ लागता."

मास्तरांनी स्वतःच खाली बसून नाडी सोडली. मोजा तळव्याला चिकटला होता. तो सोलला तर रक्त आणि पू एकदमच आले. बुटात हात घातल्यावर कळलं, बुटाच्या तळाला ठोकलेल्या चामडी गुट्ट्यांपैकी टाचेकडच्या नव्हे, पुढच्या एका गुट्टीचा खिळा तळ फोडून आत आला होता. त्यावर बिडीच्या बंडलाचा कागद घडी करून ठेवलेला. म्हणजे आजचं नव्हतं हे. पाय घोट्यापर्यंत सुजला होता.

"कधीपासून?"

"झाले चार-पाच दिस."

"अरे, मग तोंड शिवलं होतं का?"

बुधाजी गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. टीममध्ये येईपर्यंत जन्मात कधी बूट न घातलेला माणूस तो. "तुमीच सांगितलात ना, बूट चावताच म्हणान. माका वाटला, सगळ्यांकाच असो टोचता."

आपलं वाक्य, आपली ऐट, आणि समोर हा पाय. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की वर बघवेना. शशिकांतराव मागे येऊन उभे होते. "खिळा ठोकून घ्या, घट्ट पट्टी बांधा. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, वेलकर. दहा जणांनी खेळणार आहात का?" एकदा उतरलेल्याच्या जागी दुसरा घ्यायची तेव्हा सोय नव्हती. अनवाणी उतरवलं तर रेफरी बाहेर काढणार.

खोटं कशाला सांगा, मास्तरांनी दगड उचलला आणि खिळा ठोकलाही. पट्टी बांधली. शिट्टीची वेळ होत आली होती. बुधाजीने बुटात पाय घातला आणि आवाज निघू नये म्हणून शर्टाची कॉलर दातांत धरली. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी पुन्हा नाडी सोडली, बूट ओढून काढला आणि त्याच्यावर चक्क बसले.

"मास्तर, बूट देवा."

"नाही."

"टीम जाईत."

"जाऊ दे."

दहाजण उतरले. तो अर्धा तास मास्तरांना जन्मभर पुरला. सगळी टीम गोलासमोर गर्दी करून उभी. फुलबॅकने टाक्यांच्या डोक्यानेच चेंडू परतवला, पट्टी लाल झाली तरी हटला नाही. गोलकीपर चिखलात लोळून लोळून ओळखू येईना. बुधाजी एका पायावर उभा राहून ओरडत होता. वेळ सरत आली, बरोबरी टिकतेय असं वाटू लागलं. आणि समोरचे त्यांच्या डावीकडून सुटले, जिथे बुधाजी असायला हवा होता त्याच मोकळ्या कडेने. गोल झाला.

इस्पितळात तळवा चिरून घाण काढली. मास्तरांनी डॉक्टरांना आडून विचारलं, खेळला असता तर? डॉक्टर म्हणाले, "काही झालंही नसतं. किंवा पाय गेला असता. कसं सांगणार?" मास्तरांना हवं होतं ते उत्तर मिळालं नाही.

गणपती उठले आणि टीम मोडली. मास्तर मुळात कारकून, त्यांची खुर्ची शाबूत राहिली. फक्त आता त्यांना सकाळी गेटच्या खिडकीवर बसवलं, आज काम आहे की नाही ते बदलीवाल्यांना सांगायला.

पाय बरा झाल्यावर बुधाजी रांगेत उभा राहू लागला. पहिले काही दिवस काम मिळालं, मग मिळेनासं झालं. शेवंतीला त्याने गावी पाठवल्याचं मास्तरांच्या कानावर आलं. एका सकाळी त्याचा नंबर आला तेव्हा जागा भरल्या होत्या. मास्तर त्याच्याकडे बघायचं टाळत होते. तोच खिडकीशी वाकला.

"मास्तर, एक इचारू? पाय माझो होतो. माका इचारलात?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तर काही बोलले असते. मागची रांग ढकलत होती.

"आज काम नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.