लाइट कुणी घालवली?

मध्य प्रदेशातल्या आमच्या धारच्या पोलीस थान्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलेली ती फिर्याद आठवली की मला अजून हसू येतं, आणि मागोमाग रागही येतो.

मिरवणुकीच्या बंदोबस्तातून आम्ही जेमतेम सुटलो होतो. तेवढ्यात एक गृहस्थ तावातावाने आत आले. आमच्यासारखेच मराठी, पिढ्यानपिढ्या इथले.

"साहेब, देवघरातला खंडोबाचा टाक गेला. चोर घरातच आहे, कबूलही झाली आहे. बस, तुम्ही येऊन थोडं डरवून द्या."

टाक म्हणजे देवाची आकृती उठवलेला चांदीचा पातळ पत्रा. आणि चोर म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची अकरा वर्षांची मुलगी! दिवाळीनंतर तिला होस्टेलला धाडायचंही ठरलं होतं.

फिर्यादी गुन्हेगार आणि शिक्षा दोन्ही सोबत घेऊन आला, की मी आधी चहा मागवतो. चहा संपेपर्यंत माणूस बोलत राहतो. "हिची आई गेल्यापासून घरात काही धड नाही, साहेब. दूध नासतं, मिक्सर जळला, माझ्या मुलाचे मार्क कमी आले. सगळं हिच्यामुळे."

मार्कसुद्धा! मी कप खाली ठेवला.

मुलांची विचारपूस थान्यात करायची नसते. साध्या कपड्यांत, महिला आरक्षकाला, म्हणजे कॉन्स्टेबलला, सोबत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मुलीचे वडील पीथमपूरच्या कारखान्यातली शिफ्ट करून आले होते, मान खाली घालून बसले होते. तिला मी त्यांच्याच शेजारी बसवलं.

"टाक तू घेतलास?"

"हो."

"कुठे ठेवलास?"

"आठवत नाही. पण मीच घेतला असेन."

भल्याभल्यांच्या तोंडून गुन्हा काढताना आमचा घाम निघतो, आणि इथे ही पोर मागाल ते द्यायला तयार. मला शंका आली. म्हटलं, "बेटा, काल आमच्या थान्याची लाइट गेली होती. ती कुणी घालवली?"

तिने जरा विचार केला. "मीच. सॉरी, अंकल."

आरक्षकबाई फस्सकन हसल्या आणि लगेच डोळे पुसू लागल्या. वडिलांनी पहिल्यांदा मान वर केली.

मग मी फिर्यादी काकांकडे वळलो. आमच्याही घरी टाक आहेत. नवरात्रात ते विड्याच्या पानांवर बसवतात आणि दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत.

"नवरात्रात देवांना हात कोण लावतं?"

"राम राम, साहेब! कोणी नाही. माळ चढवायची ती मीच, सोवळ्यात."

"दसऱ्याला देव उठवले कोणी?"

"मीच. मिरवणुकीला उशीर होत होता, म्हणून पटापट..."

"आणि खालची पानं?"

काकांची नजर गॅलरीकडे गेली. निर्माल्याची पिशवी गॅलरीत खिळ्याला टांगलेली होती, रविवारी नदीवर न्यायची म्हणून. आम्ही ती कागदावर रिकामी केली. सुकलेल्या झेंडूत एक पान निघालं, हळदकुंकवाने लडबडलेलं. त्याला खंडोबा घट्ट चिकटून बसले होते.

इतकं झालं तरी काका म्हणतात कसे, "तेव्हा हिची चुळबुळ चालली होती ना, म्हणून माझं लक्ष उडालं."

"हो, मी शिंकले होते," मुलगी म्हणाली.

तेव्हा वडील उठले. "दादा, बस झालं. माझी मुलगी कुठेही जाणार नाही. आणि यापुढे तिला कोणी बोल लावायचा नाही." मला त्या माणसाला सलाम ठोकावासा वाटला.

गुन्हा दाखल झालाच नाही. बाल कल्याण समितीला मात्र मी कळवलं आणि त्यांच्या बाई त्या घरी जाऊ लागल्या. घरात एकदा कुणी दोषी ठरलं की बाकीच्यांचा शोध तिथेच थांबतो, आणि पोर तेच खरं मानून मोठं होतं. झटपट मिळालेल्या कबुलीकडे मी त्यानंतर नेहमी दोनदा पाहिलं.

दिवाळीत बापलेक फराळ घेऊन थान्यात आले. चकली घ्यायला मी हात लांबवला आणि टेबलावरचा चहा सगळ्या कागदांवर सांडला. पोर दचकली, तिने वडिलांकडे पाहिलं.

"कुणी सांडला?" मी दरडावून विचारलं.

तिने कलंडलेला कप बघितला. मग सरळ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुम्ही, अंकल. तुमचं कोपर लागलं."

"कबूल!" म्हणत मी फडकं उचललं.